समेटासाठी आधी कोणी उठायचे?

"एका गावात राहायचंय भाऊ. उद्या रातच्याला तुमच्या घरात कोणाला काही झालं तर गाडी गावातूनच येणार ना? मग कशाला ठाणं, कशाला कोर्ट? येशू ख्रिस्तानंबी सांगितलंय, शेजाऱ्याशी समेट करा."

हे बोल मी निफाड तालुक्यातल्या एका गावात, मंदिराच्या सभामंडपात ऐकले. बोलणारे पुढारी ख्रिस्ती नव्हते. त्याआधी ज्ञानोबा-तुकोबा होऊन गेले होते, महात्मा गांधी झाले होते आणि समोर जयभीमवाले बसलेत म्हणून तथागतही झाले होते. शेवटी येशूचा नंबर लागला. गावाचे नाव लिहीत नाही. ज्या आईच्या पोराची ही गोष्ट आहे, तिने तसे बजावले आहे.

प्रकरण साधे होते. हे 'साधे' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, म्हणून मीही म्हणतो. द्राक्षबागेत विरळणीचे काम उक्ते घेतलेली टोळी. टोळीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराने राहिलेले पैसे चारचौघांत मागितले. बागायतदाराने जातीवरून शिवी दिली आणि ठिबकच्या नळीने मारले. पोरगा सरकारी दवाखान्यात, आणि रात्री वस्तीवर निरोप: सकाळी बैठक आहे, तोवर ठाण्यात जाऊ नका. बैठकीत वर सतरंजीवर अकरा जण. त्यांत वस्तीतला एकच, राखीव जागेवर निवडून आलेला सदस्य, आणि ज्यांच्या पॅनलमधून तो आला ते त्याच्या मांडीला मांडी लावून. पोराची आई पायरीखाली, चपलांजवळ उभी. ठरले असे की बागायतदाराने दवाखान्याचा खर्च आणि वर पंधरा हजार द्यायचे, आणि पोराने "उलट बोललो, चुकलो" म्हणून सगळ्यांसमोर पाया पडायचे.

मारणाऱ्याने पैसे मोजायचे आणि मार खाणाऱ्याने माफी मागायची. मी आणि माझा सहकारी उठून बोललो तेव्हा आम्ही 'बाहेरचे' ठरलो. गावच्या शांततेत बाहेरच्यांनी काडी टाकू नये, असे आम्हाला सांगण्यात आले.

त्या रात्री मला राग माफीचा आला होताच, पण डोक्यात राहिले ते येशूचे नाव. आपल्यापैकी बहुतेकांनी बायबल वाचलेले नाही. 'एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा' एवढ्यावर आपण तो विषय बंद करतो आणि म्हणतो, हा मार खाणाऱ्यांचा धर्म. मीही तसेच म्हणत आलो. म्हणून नाशिकला शरणपूर भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. सर ख्रिस्ती आहेत. आजोबा नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातून मिशनच्या शाळेत आलेले. शरणपूर ही वस्तीच मुळी १८५०च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली, हे आपल्या नाशिककरांनाही सहसा माहीत नसते. असो. मी विचारले, "सर, तुमच्या येशूने खरंच असं सांगितलंय का?"

"सांगितलंय," सर म्हणाले. "पण कोणाला सांगितलंय, ते कोणी वाचत नाही."

त्यांनी मत्तयचे शुभवर्तमान काढले आणि पाचवा अध्याय दाखवला. मी माझ्या शब्दांत सांगतो. तू वेदीवर अर्पण घेऊन आलास, आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मी दोनदा वाचले. इथे उठून जायला कोणाला सांगितले आहे? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. ज्याचे दुखले त्याला कोणी बोलावून घेतलेले नाही, पायरीखाली उभे केलेले नाही. अर्पण हातात असलेला, देवळात मान असलेला, पुढच्या रांगेतला माणूस, त्याला सांगितले आहे की तुझी पूजा थांबव आणि त्याच्या दारात जा. आमच्या गावात सभामंडपात बसून समेट झाला. या शिकवणीप्रमाणे समेटासाठी सभामंडपातून उठावे लागते!

त्याच्या लगेच पुढे, वाटेत असतानाच वाद्याशी लवकर समेट कर, नाहीतर तो तुला न्यायाधीशाकडे नेईल, असे आहे. हेच वाक्य गावोगावचे मध्यस्थ न वाचताच वापरतात. पण नीट पाहा. न्यायाधीशाकडे नेले तर तुरुंगात कोण जाणार? शेवटची दमडी फेडेपर्यंत कोण सुटणार नाही? देणेकरी. म्हणजे 'कोर्टाआधी मिटवा' हा सल्ला आरोपीला आहे, फिर्यादीला नाही. आपल्याकडे हा सल्ला कायम फिर्यादीच्या घरी पोहोचवला जातो, रात्री नऊनंतर, दोन मोटारसायकलींवर.

आणि अठराव्या अध्यायात ज्याच्यावर अन्याय झाला त्याने काय करावे हेही आहे. आधी एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्याला सांग. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा. तरीही नाही तर मंडळीपुढे मांड. मंडळीचेही ऐकले नाही तर तो तुला परका. सर म्हणाले, "यात कुठे लिहिलंय की गप्प बस? इथे अपराधाला अपराध म्हणण्यापासूनच सुरुवात आहे." आमच्या बैठकीत 'अपराध' हा शब्दच निघाला नव्हता. 'गैरसमज' निघाला होता.

मला सगळ्यात भिडला तो लूककृत शुभवर्तमानातला जक्कय. जकातदारांचा मुख्य, लोकांना नागवून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो की या घराला तारण मिळाले. म्हणजे आधी हिशेब, मग तारण. त्या पोराच्या मजुरीचे काय झाले, सांगू? बैठकीत तिचा विषयच निघाला नाही. पंधरा हजार 'मदत' म्हणून ठरले. मजुरी बुडालीच. चौपट सोडा, एकपटही नाही.

आता 'शेजारी' या शब्दाकडे येऊ. एका शास्त्र्याने येशूला विचारले की माझा शेजारी कोण? उत्तरात येशूने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. वाटेत लुटारूंनी अर्धमेला केलेल्या माणसाला याजक बघून पुढे गेला, लेवी बघून पुढे गेला, आणि यहुदी ज्यांचा विटाळ मानत त्या शोमरोन्याने त्याला उचलले, जखमा बांधल्या, उताराच्या घरी नेले, खर्च दिला. म्हणजे उच्चवर्णीय श्रोत्याला सांगितले आहे की ज्याला तू शिवत नाहीस तोच तुझा शेजारी. आपल्या गावगाड्यात याचे भाषांतर करून पाहा. आपली वस्ती गावाला लागून नाही. मधे ओढा आहे, पांद आहे, उकिरडा आहे. ज्या व्यवस्थेने आपल्याला शेजारी होऊ नये म्हणूनच गावकुसाबाहेर ठेवले, ती मारहाण झाल्यावर बारा तासांत आपल्याला 'शेजारी' म्हणते. हा शब्द त्यांना एरवी, पाण्याच्या टाकीच्या वेळी, स्मशानभूमीच्या वेळी का आठवत नाही?

मित्रांनो, इथे थांबून कोणी म्हणेल, कार्यकर्ता बायबलच्या प्रेमात पडला. तसे नाही. याच ग्रंथात पौल करिंथकरांना सांगतो की भावाभावांनी एकमेकांना परक्यांच्या न्यायालयात खेचू नये, त्यापेक्षा अन्याय सोसलेला काय वाईट? हे मला मान्य नाही. एका ताटात जेवणाऱ्यांना ते सांगितले असेल, तरी मान्य नाही. ज्याच्याकडे न्यायालयाशिवाय दुसरे काहीच नाही, त्याला 'सोस' म्हणणे म्हणजे बलवानाचे काम फुकटात करून देणे आहे. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिताना हेच बोट ठेवले. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तेव्हा चर्चने त्याला शिकवले की तुझ्या पतनाचे कारण तुझे पाप आहे. ज्या समाजरचनेने त्याला पाडले तिच्याशी लढायची ठिणगी त्यातून पडली नाही. शिवाय जात चर्चमध्येही शिरली. दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिश्चनांची दफनभूमीसुद्धा वेगळी आहे. मेल्यावरही शेजार नको!

आणि कायदा? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ला शिखांना आणि १९९०ला आपल्याला, बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगाला तो नाही. म्हणजे उद्या सरांच्या नातवाला हाच बागायतदार हीच शिवी देईल, आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे दार त्याला बंद असेल. त्याच्या हातात उरेल ती फक्त तडजोड. समेटाची एवढी सुंदर शिकवण ज्याच्या धर्मात आहे, त्यालाच समेट नाकारण्याची ताकद नाही. समेट नाकारता येत नसेल तर होकाराला काय अर्थ? सरांना मी हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

ख्रिस्ती जगातही हे भांडण झालेले आहे. १९८५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या धर्मगुरूंनी आणि धर्मअभ्यासकांनी 'कैरोस' नावाचा दस्तऐवज काढला. गोऱ्या सरकारचे लष्कर काळ्यांच्या वस्त्यांत घुसले होते आणि चर्च दोन्ही बाजूंना समेटाचा उपदेश करत होते. या मंडळींनी आपल्याच चर्चला सुनावले की अन्याय चालू असताना, पश्चात्ताप झालेला नसताना समेटाची भाषा करणे हे ख्रिस्ती नाही, तो अन्यायाला हातभार आहे. आपल्याकडच्या 'समरसता'वाल्यांना हा दस्तऐवज कोणी मराठी करून दिला तर बरे होईल.

निफाडला या विषयाचा एक जुना धागा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२. बाबासाहेबांनी १९४३मध्ये त्यांच्याच जयंतीला पुण्यात 'रानडे, गांधी आणि जीना' हे भाषण दिले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. हे रानडे ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गेले. टिळकही होते, आणखी बरीच मंडळी होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापवून आणली आणि पुण्यातला सनातनी वर्ग पेटला. ख्रिश्चनाच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, बहिष्कार पडला, आणि पुढे रानड्यांनी मित्रांची अडचण नको म्हणून प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते किती लागले, हे त्यांनीच आठवणींत लिहून ठेवले आहे.

विचार करा. ज्या माणसाला पुढे मुंबई हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायचे होते, जो दख्खनच्या शेतकरी कायद्याखाली सावकार-कुळांचे तंटे बघत होता, त्याच्यावर जातीने समेट लादला आणि ज्याने काही गुन्हा केला नव्हता त्यानेच प्रायश्चित्त घेतले. ब्राह्मणी गावगाड्यात समेट म्हणजे हेच. चूक कोणाची हे बघायचे नाही, कोण मोडला तर गाव पूर्ववत चालेल ते बघायचे. रानडे मोडले तर पुणे पूर्ववत चालणार होते. आमचा एकोणीस वर्षांचा पोरगा पाया पडला तर बाग पूर्ववत चालणार होती. फरक एवढाच की रानड्यांना पंचगव्य मिळाले, याला ठिबकची नळी मिळाली.

आपल्या जिल्ह्याला समेटाचा आणखी एक अनुभव आहे आणि तो आपल्या रक्तात आहे. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथावरून समेट ठरला की दोन्ही बाजूंच्या तगड्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेब निवडक माणसे घेऊन दाराशी उभे राहिले. आपली माणसे रथाला हात लावायच्या आधीच झटापट करवून रथ पळवला गेला. दगड पडले. समेट मोडणारे कोण होते, हे नाशिकच्या इतिहासात लिहिलेले आहे. तरीही सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ला, निफाडच्या शेजारच्याच तालुक्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितले की हिंदू म्हणून मरणार नाही. आपण समेट करत नाही, असे जे म्हणतात त्यांनी मधली पाच वर्षे मोजावीत.

आता आजचे बघू. १५ ऑगस्ट २००७ला राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधावरून, भाऊबंदकीतून वर्षानुवर्षे चाललेले दावे गावात मिटावेत हा हेतू वाईट नव्हता, आणि काही ठिकाणी तसे मिटलेही. पण तंटे कमी दिसले की बक्षीस, असे म्हटल्यावर तंटा नोंदवणाराच गावाचा शत्रू होतो. २९ सप्टेंबर २००६ला ज्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले, त्या खैरलांजीला २०१०मध्ये तंटामुक्तीचा पुरस्कार मिळाला. वाद सांगायला सुरेखा आणि प्रियंका उरल्या नव्हत्या. तंटा असा मुक्त झाला. खर्ड्यात नितीन आगेच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७मध्ये आरोपी सुटले, तिथेही गावात 'शांतता'च होती.

अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडपात्र नाही. म्हणून तडजोड कोर्टात होत नाही, एफआयआरच्या आधी होते. एफआयआर झालीच तर क्रॉस केस घालून होते आणि तेही जमले नाही तर साक्षीच्या दिवशी होते. ऑक्टोबर २०२१मध्ये सुप्रीम कोर्टाने रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश शासन या प्रकरणात तडजोडीवरून असा खटला रद्द केला. मूळ वाद जमिनीचा होता, दोघेही एकाच गावचे होते, आणि आम्हाला सलोख्याने राहायचे आहे असे फिर्यादीने सांगितले होते. पण त्याच निकालात कोर्टाने बजावले आहे की मुळात वाद खासगी किंवा दिवाणी स्वरूपाचा असेल किंवा गुन्हा जातीमुळे घडलेला नसेल, अशाच ठिकाणी हा विचार व्हावा, आणि फिर्यादीची संमती दबावाखालची तर नाही ना हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. गावातले पुढारी या निकालाचा पहिला अर्धा भाग सांगतात. दुसरा अर्धा भाग आपल्या पोरांना पाठ पाहिजे.

मग आपण समेटाच्या विरोधात आहोत का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण झाले तेव्हा शाक्यसंघात युद्धाला विरोध सिद्धार्थाने केला. त्याने सुचवले की दोन माणसे आपण निवडू, दोन कोलीय निवडतील, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. ठराव बहुमताने पडला. सिद्धार्थाने बहुमतापुढे मान तुकवली नाही, घर सोडले. बाबासाहेबांनी गृहत्यागाची परंपरागत कथा बाजूला ठेवून ही कथा घेतली, यात केवढा अर्थ आहे! दोन आणि दोन. अकरा आणि एक नव्हे. कोलियांचे दोघे कोलियांनीच निवडायचे, शाक्यांच्या पॅनलमधून निवडून आलेले नव्हेत. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या पाण्यावर वाढलेल्या या तालुक्याला पाण्याच्या तंट्याची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

येशूची वेदी आणि सिद्धार्थाचे पंचमंडळ यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. दोन्हीकडे खालच्याला वर बोलावलेले नाही, वरच्याला खाली उतरवले आहे. सरांना हे पटले, फक्त ते म्हणाले, "तुम्ही क्षमा विसरलात." मी म्हणालो, क्षमा विसरलो नाही, पण ती मागितल्यावर द्यायची असते. यावर आमचे एकमत झाले नाही. त्यांच्या मते क्षमा न मागताही देता येते आणि ती देणाऱ्याला हलके करते. देणाऱ्याच्या मनाचे असेल ते. पण मनातली क्षमा आणि ठाण्यातली माघार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनीही मान्य केले. पोराने मनातून उद्या माफ केले तरी जबाब बदलायचे कारण नाही.

त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते सांगतो. पोराने पाया पडायला नकार दिला. ठाण्यात आधी एनसीवर भागवण्याचा प्रयत्न झाला. वस्तीतल्या बायका दोन दिवस आवारात बसल्या, तेव्हा गुन्हा नोंदला गेला. टोळीला त्या गावात बागांचे काम मिळणे बंद झाले आहे. बायका आता पिकअपमधून लांबच्या तालुक्यात जातात, पहाटे चारला निघतात. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, कारण नकाराची किंमत माझ्यासारखे बाहेरचे देत नाहीत, त्या बायका देतात.

मधे पुन्हा निरोप आला, बसून मिटवू. या वेळी आईने उत्तर पाठवले, "मागल्या टायमाला मी चपलांपाशी उभी होते. आता त्यांना आमच्या विहारात येऊ द्या. पोराची मजुरी घेऊन या म्हणावं, आणि काय बोलले होते ते तिथं सगळ्यांसमोर बोलून दाखवा म्हणावं. मग बघू."

तिने बायबल वाचलेले नाही. अजून तरी विहारात कोणी आलेले नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि साक्षीच्या दिवशी निफाडच्या कोर्टाच्या आवारात आपली माणसे दिसली पाहिजेत. येणाऱ्यांनी तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना आधी कळवावे, म्हणजे त्या बायकांच्या जाण्यायेण्याची गाडी लावता येईल.

जयभीम.